इंदूर ओसाड पाडायचं असेल, तर आधी दुरुस्ती कुठे थांबली ते ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: विज्ञान कादंबरी लिहिताय, काळ 2085, स्थळ इंदूर. चाळीसेक वर्षांपूर्वी काहीतरी घडलं, शहर मोडकळीला आलं, आणि आता राजवाड्याच्या आसपास थोडी माणसं तग धरून आहेत. पहिली प्रकरणं वाचून मित्र म्हणाले, वर्णन झकास, पण हे शहर कुठलंही असू शकेल. ते इंदूरचं कसं करायचं, आणि पडझड नुसता पडदा न राहता कादंबरीचा विषय कशी व्हावी, असं तुम्ही विचारलंय.

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचं त्यातूनच निघतं. उभं असलेलं प्रत्येक शहर रोज थोडं पडत असतं आणि रोज कुणीतरी ते सावरत असतं. नळाची झडप बदलणारा, गटार उपसणारा, डीपीवर चढणारा, गच्चीच्या कठड्यातलं पिंपळाचं रोप उपटणारा. ही माणसं यायची थांबली की शहर पडतं. त्यामुळे पहिलं प्रकरण लिहायच्या आधी वहीत एक वाक्य लिहा: कोणती दुरुस्ती, कुणी, कोणत्या साली आणि का थांबवली. ‘महायुद्ध झालं’ किंवा ‘साथ आली’ हे या वाक्याचं उत्तर होत नाही. युद्धानंतरही शहरं दुरुस्त होतात, साथीनंतरही होतात. तुमच्या कथेत ती का झाली नाहीत, तिथे कादंबरी आहे.

याचा नमुना इंदुरातच आहे. हुकुमचंद मिल 1991 च्या डिसेंबरात बंद पडली. कामगारांच्या थकलेल्या पैशांचा प्रश्न सुटून रक्कम सुटायला 2023 चा डिसेंबर उजाडला. मधल्या बत्तीस वर्षांत भर शहरातल्या त्या बेचाळीसेक एकरांवर रान माजलं, इतकं की पुढे ती झाडं वाचवायला लोक रस्त्यावर उतरले. तिथे बॉम्ब पडला नव्हता. जमीन कुणाची, देणी किती, आधी कुणाची, यांचा निकाल लागेना, आणि तोवर ती जागा ना दुरुस्त करता येत होती, ना धड विकता येत होती. आपल्याकडची पडझड बहुतेक अशीच, कागदातून येते. अकरा वारसांचा वाडा, पाडायला स्थगिती आणि राहायला मनाई असलेली इमारत, भाडं इतकं कमी की मालक कौलसुद्धा बदलत नाही.

आता विज्ञानकथाकार म्हणून तुमचं काम एवढंच की 2085 साठी या कागदाचा वंशज शोधायचा. उदाहरणार्थ: 2040 च्या सुमारास पाण्याचे पंप, लिफ्ट, वीज सगळं एका देखभाल-प्रणालीवर चालतं, ती प्रणाली दरवर्षी हिशेब मांडते आणि ज्या प्रभागाची दुरुस्ती परवडत नाही तो ‘दुरुस्तीबंद’ ठरवते. माणसाला तो निर्णय फिरवता येत नाही, कारण सुटे भाग प्रणालीच्या परवानगीशिवाय जुळतच नाहीत. हा निर्णय ज्या दिवशी इंदूरच्या राजेंद्र नगरला लागू झाला आणि लोकमान्य नगरला झाला नाही, त्या दिवसापासून तुमची गोष्ट सुरू. राक्षस नाही, उल्का नाही, आणि तरी या दोन नगरांत राहणाऱ्या सख्ख्या भावांमध्ये दरी पडते.

पूर्वसुरींकडून चित्रं उचलू नका, युक्ती घ्या. रिचर्ड जेफरीज यांच्या 1885 च्या ‘आफ्टर लंडन’मध्ये निसर्ग शहर गिळतो, आणि पहिलं प्रकरण जवळजवळ शेतकऱ्याच्या नोंदवहीसारखं आहे: पहिल्या वर्षी शेतात काय उगवलं, नंतर काय. हा क्रमच त्याची ताकद आहे. वेल्सच्या ‘टाइम मशीन’मध्ये (1895) कालप्रवाशाला लाखो वर्षांनंतरच्या ओसाड संग्रहालयात अजून पेटणाऱ्या आगकाड्या सापडतात, पण हवाबंद पेटीत. पुस्तकांची मात्र लक्तरं झालेली. काय टिकलं याचं कारण एका शब्दात दिलं की वाचक बाकी सगळं मान्य करतो. फिलिप डिक यांच्या ‘डू अँड्रॉइड्स ड्रीम ऑफ इलेक्ट्रिक शीप?’ या 1968 च्या कादंबरीत रिकाम्या इमारती निरुपयोगी वस्तूंच्या पसाऱ्याने आपोआप भरत जातात, आणि बॅलार्ड यांच्या ‘हाय-राइज’मध्ये (1975) बाहेरचं शहर धडधाकट असताना एकच उंच इमारत आतून सडते. शेवटचा नमुना तुम्हाला सर्वांत उपयोगी. सगळं शहर पाडायची गरज नसते.

आता इंदूरचं स्वतःचं दुखणं: पाणी. ‘पग-पग रोटी, डग-डग नीर’ ही माळव्याची ख्याती खरी, पण आजचं इंदूर नर्मदेवर जगतं. 1978 पासून नर्मदाकाठच्या जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटर पाणी आणलं जातं. शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर, नदी त्याहून सुमारे चारशे मीटर खाली, आणि मध्ये विंध्याची धार. टप्प्याटप्प्याने उपसून पाणी घाटमाथ्यावर चढवायचं आणि तिथून पुढे उताराने सोडायचं. म्हणजे विजेशिवाय एक थेंबही वर येत नाही. मुंबईचं धरणाचं पाणी बऱ्याच अंशी उताराने येतं. मुंबई पाडायची तर दुसरा बहाणा लागतो. इंदूर पाडायला चाळीस वर्षांची गंजलेली एक झडप पुरते.

तपशील नीट लावा. पंप अचानक बंद पडले की चढावरचं पाणी उलटं धावतं. ते अडवणारी एकमार्गी झडप वेळेत बसली नाही तर पाण्याचा दणका बसून पाइपाचा सांधा उखडतो. मोठ्या व्यासाचा सांधा बदलायला क्रेन, वेल्डर आणि त्याच मापाचा तुकडा लागतो. पहिल्यांदा हे दोन दिवसांत होतं. दहाव्यांदा दोन महिने लागतात, कारण मापाचा तुकडा बनवणारा कारखानाच बंद झालेला. ‘एका रात्रीत पाणी गेलं’ लिहिण्यापेक्षा ‘आधी दिवसाआड, मग आठवड्याने, मग फक्त सणाला’ लिहा. पडझड अशी, वेळापत्रकातून येते.

वरच्या टाक्यांत साधारण दिवसभराचा साठा. मग टँकर, मग बोअर. माळव्याच्या काळ्या पाषाणात पाणी फटींतूनच मिळतं, त्यामुळे शेजारच्याने आणखी खोल जाऊन उपसलं की तुमचं बोअर कोरडं. इथे भांडण लिहा, कारण इथेच वस्ती फुटते. नंतर उरतात विहिरी आणि बावड्या, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरी. यातल्या कित्येक बुजवून, झाकून वर बांधकाम झालेलं आहे. 30 मार्च 2023 ला रामनवमीच्या दिवशी पटेल नगरातल्या मंदिरात बावडीवरचं छत खचून 36 माणसं गेली. हे प्रकरण ओळखू येईल असं कादंबरीत वापरू नका, घरोघरी जखम ओली आहे. पण झाकलेल्या विहिरींचा नकाशा हा तुमच्या 2085 च्या शहरातला सर्वांत मौल्यवान कागद असेल, एवढं जरूर घ्या.

माणशी हिशेब: उन्हाळ्यात नुसतं प्यायला तीन ते पाच लिटर, स्वयंपाक-धुणं धरून काटकसरीने पंधरा. पाच जणांच्या घराला पंचाहत्तर लिटर, म्हणजे वीस लिटरचे जवळजवळ चार कॅन, प्रत्येकी वीस किलो. मोकळ्या रस्त्यावर माणूस तासाला चार किलोमीटर चालतो. राडारोडा आणि घाणेरीच्या जाळ्यांतून दीड-दोन. पाणी दोन किलोमीटरवर असेल तर रोजचा अर्धा दिवस त्यातच जातो. तुमच्या पात्रांना कट-कारस्थानांना वेळ कधी मिळतो, हे मग आपोआप ठरेल. अनेक हस्तलिखितांत नायक सकाळभर तत्त्वज्ञान बोलतो आणि त्याचं पाणी कोण भरतं याचा पत्ताच नसतो.

आणि लोक जाणार कुठे? पाण्याकडे. म्हणजे घाट उतरून निमाडात, मंडलेश्वर-महेश्वरला. होळकरांची राजधानी 1818 मध्ये महेश्वरहून इंदूरला आली. तुमच्या कादंबरीत दोन-अडीचशे वर्षांनी लोकसंख्या उलट्या वाटेने परत जाईल. हा योगायोग पात्रांच्या तोंडून समजावून सांगू नका. दोन बैलगाड्या मानपूरचा घाट उतरताना दाखवल्या की पुरे, इंदूरचा वाचक काय ते समजेल.

कचऱ्याचं थोडक्यात. 2017 पासून वर्षानुवर्षं स्वच्छतेत देशात पहिला नंबर घेणाऱ्या शहरात कचरागाडीचं गाणं बंद होणं हा मोठा क्षण आहे, पण लेखक त्यात वाहवत जातात. शहराचा कचरा आज रोज हजार टनांहून अधिक. एका घनमीटरला चार-पाचशे किलो धरले तर दोन-अडीच हजार घनमीटर. फुटबॉलच्या मैदानावर पसरला तर दिवसाला फूटभर थर. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वास, सात ते दहा दिवसांत माशांची पहिली मोठी पिढी, मग कुत्री, डुकरं, घारी, बगळे. मात्र हे चित्र काही महिन्यांपुरतंच. माणसं कमी झाली, दुकानं बंद झाली की कचराही आटतो, आणि 2085 मध्ये जुना उकिरडा ही खाण असते. तोवर प्लॅस्टिकच्या डब्याला झाकणासकट भाव येतो. चाळीस वर्षांनीही रस्ताभर ताजा कचरा दिसत असेल, तर तो कोण करतंय याचं उत्तर द्यावं लागेल.

शहरातल्या कान्ह आणि सरस्वती या नद्यांचंही असंच. सांडपाणी थांबल्यावर नदी काही पावसाळ्यांत निवळू लागते. पण त्याआधी जलपर्णीचा हिरवा गालिचा, कारण वर्षानुवर्षांचं खत तळाशी साचलेलं. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांखाली, म्हणजे होळकरांच्या स्मारकांपाशी, 2050 मध्ये घाण नाला आणि 2085 मध्ये मासे पकडणारी पोरं, हे दोन्ही एकाच कादंबरीत येऊ द्या. पडणाऱ्या शहरात काही गोष्टी सुधारतात. हे न दाखवणं ही नवशिक्याची खूण.

इमारतींवर मात्र वेळ घालवा, कारण बहुतेक लेखक इथेच चुकतात. त्यांच्या शहरात सगळं सारख्याच वेगाने पडतं. प्रत्यक्षात दगड, चुना, लाकूड आणि सिमेंट काँक्रीट यांची घड्याळं वेगळी चालतात.

काँक्रीट असं मरतं. नव्या काँक्रीटमध्ये इतका क्षार असतो की आतली सळई गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरतो आणि तो क्षार मारतो. मध्यम प्रतीच्या कामात हा थर चार वर्षांत साधारण दहा मिलीमीटर आत जातो, सोळा वर्षांत वीस, छत्तीस वर्षांत तीस. वेग मंदावतो, पण थांबत नाही. स्लॅबच्या सळईवर कव्हर, म्हणजे झाकणारं काँक्रीट, वीस मिलीमीटर, कॉलमवर चाळीस, तेही कागदावर. ठेकेदाराने दहाच ठेवलं असेल तर घड्याळ तेवढं पुढे. थर सळईपर्यंत पोचला आणि ओल मिळाली की गंज धरतो. गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा मागतो, म्हणून काँक्रीट आतून फुटतं. आधी सळईच्या रेषेत केसासारखी भेग, मग तपकिरी डाग, मग पोकळ आवाज, मग खपली. बोटाच्या पेराने ठोकून ‘बद्द’ आवाज ऐकणारं पात्र वाचकाला लगेच पटतं. अशा वस्तीत ही कला प्रत्येक पोराला येत असेल.

कुठून सुरुवात होते, तर जिथे ओल-कोरडं आलटून पालटून होतं तिथून. छज्जा, गॅलरीची कड, संडास-बाथरूमचा खाली घेतलेला स्लॅब, गच्चीवरच्या टाकीखालचे ठोकळे. आतल्या खोल्या आणि जिन्याची मधली भिंत बराच काळ टिकते. म्हणून तुमची माणसं इमारतीच्या पोटात राहतील, बाहेरच्या खोल्या सोडून देतील, आणि गॅलरीत कुणी पाऊल ठेवणार नाही.

गच्ची हा वेगळाच विषय. इंदुरात वर्षाला साधारण साडेनऊशे मिलीमीटर पाऊस, बहुतेक जून ते सप्टेंबर. पाणी उतरवायला चार इंची पाइप, आणि त्याच्या तोंडाशी कडुनिंबाची पानं, कबुतरांची विष्ठा, एखादी पिशवी. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर पन्नास मिलीमीटरची एक सर म्हणजे पाच हजार लिटर, पाच टन. माणसांच्या वावराच्या गच्चीला साधारण दर चौरस मीटरला दीडशे किलोचा वावरभार धरतात. तेवढा भार पंधरा सेंटीमीटर तुंबलेल्या पाण्याने होतो. एवढ्याने स्लॅब लगेच कोसळत नाही, हिशेबात जादा ताकद धरलेली असते. पाणी जिन्याच्या उंबऱ्यावरून आत वाहतं, जिना ओढा होतो, आणि सगळे मजले एकदम भिजतात. इमारतीचा मृत्यू चार इंची पाइप कुणी साफ केला नाही यावर ठरतो. दरवर्षी मिरगाच्या आधी गच्च्या साफ करायचा सामुदायिक दिवस, आणि त्या दिवशी कोण गैरहजर राहिलं, यावर एक आख्खं प्रकरण उभं राहील.

खालून काळी माती काम करते. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा देते. पाया उथळ असेल तर भिंत एका बाजूने उचलली जाते आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. यात एक बारीक गंमत आहे: गळक्या पाइपांमुळे आणि बागेच्या पाण्यामुळे काही घरांखालची माती वर्षभर ओली असते. नळ बंद झाल्यावर ती पहिल्यांदाच पूर्ण सुकते. म्हणजे पाणी गेल्यानंतरच्या पहिल्या मे महिन्यात, वारा नाही, धक्का नाही, आणि घरं कडकड वाजत तडकतात.

चुन्यात बांधलेल्या विटांचे जुने वाडे ओलीला जास्त सहनशील, पण त्यांचा वैरी पिंपळ. बी पक्ष्याच्या विष्ठेतून कठड्यावर पडतं, मूळ चुन्याच्या सांध्यातून उतरतं, आणि पाच-सात वर्षांत ते उपटलं तर भिंतही सोबत येते. नुसता शेंडा छाटला तर मूळ उलट जाड होतं. जमिनीवर पहिल्या पावसात टाकळा आणि गाजरगवत, मग एरंड, रुई, घाणेरी, मग सुबाभूळ आणि वेडी बाभूळ. दहा वर्षांत रस्त्याच्या कडा नाहीशा, पण मधला डांबरी पट्टा जनावरांच्या वावराने उघडा राहतो. वड-पिंपळ वर, बाभूळ खाली, हे ध्यानात ठेवलंत तरी ‘हिरव्या वेलींनी वेढलेले मनोरे’ टळतील. तसले वेल माळव्याच्या उन्हात एप्रिलमध्ये वाळून काडी झालेले असतात, आणि तेव्हा आग लागते. राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. तो तीनदा जळला, शेवटचा 1984 मध्ये. दगड राहतो, लाकूड जातं आणि दरवेळी पुन्हा घडवावं लागतं. 2085 मध्ये वरचे मजले आहेत की नाहीत, यावरून तुमच्या शहरात सुतार उरलेत की नाहीत हे कळेल.

मेट्रोचे खांब टिकतील. तिथलं काँक्रीट वरच्या प्रतीचं, कव्हर जाड. तुळया आणि खांबांमधल्या रबरी बैठका आधी जातील, सांध्यांतून झुडपं लोंबतील, पण सावली आणि उंचावरची वाट म्हणून तो मार्ग शहराची मुख्य सडक होऊ शकतो. बीआरटीएसचा, म्हणजे बससाठी राखून ठेवलेल्या मार्गाचा, विचार करत असाल तर सोडा. 2013 मध्ये सुरू झालेला मार्ग 2025 मध्ये मोडायला घेतला. शहरं नवी कामंही मोडतात, हे मात्र त्यातून घ्या.

यंत्रांची आयुष्यं चुकली तर जाणकार वाचक पुस्तक मिटतो. पेट्रोल सहा महिन्यांत बिघडायला लागतं, वर्षानंतर त्यावर गाडी रडत चालते किंवा चालतच नाही. डिझेल थोडं जास्त टिकतं. इन्व्हर्टरची बॅटरी चार्ज न करता ठेवली तर काही महिन्यांत आतून मरते. सौर पॅनल उलट चिवट: वर्षाला अर्ध्या टक्क्याच्या आसपास घट, पंचवीस-तीस वर्षांनीही बऱ्यापैकी वीज. पण त्यामागचा इन्व्हर्टर दहा-पंधरा वर्षांत जातो, आणि धूळ पुसली नाही तर उत्पादन पडतं. म्हणजे 2085 मध्ये वीज दिवसा असेल, रात्री नसेल. पंप दुपारी चालेल, दिवा संध्याकाळी तेलाचा. एवढ्या एका नियमावर सगळी दिनचर्या बसवता येते.

आता सर्वांत महत्त्वाचं, आणि परदेशी नमुने वाचून आपण विसरतो ते: आपल्या शहरांना पावसापेक्षा वेगाने माणसांचे हात उघडं पाडतात. कुलूप लागल्यापासून पहिल्याच महिन्यात तांब्याची वायर आणि पितळी नळ जातात. मग मोटर, मग ॲल्युमिनियमच्या चौकटी, मग ग्रिल, मग दारं, शेवटी विटा. काचेला भाव नसतो, म्हणून चौकट काढणारा काच सांभाळून बाजूला भिंतीला टेकवून ठेवतो, फुटली तर त्याचाच पाय कापेल. रस्त्यावर गाड्यांचे सांगाडे चाळीस वर्षं पडून राहतील ही कल्पनाच आपल्याकडे हास्यास्पद आहे. पहिल्या दोन वर्षांत त्यांचे पत्रे छपरांना लागलेले असतील आणि स्प्रिंगांच्या पात्यांचे कोयते झालेले असतील. तुमच्या कादंबरीत भंगारवाला नाही, असं तुम्ही पाठवलेल्या आराखड्यावरून दिसतं. त्याला आणा, आणि लुटारू म्हणून आणू नका. कोणत्या इमारतीत काय उरलंय आणि कोणती पडायला आली आहे, हे शहरात फक्त त्यालाच माहीत असतं.

याला जोडून एक खडा शब्द. पत्र्याची घरं, अरुंद गल्ल्या, उघडं गटार असलेली वस्ती म्हणजे पडझड, असं लिहू नका. वस्ती ही बांधणी आहे; लोक तिथे रोज काहीतरी उभारत असतात. पडझड म्हणजे जिथे उभारणं थांबलं ती जागा, आणि ती चकचकीत गेटबंद टॉवरमध्येही असू शकते. उलट, अकराव्या मजल्यावर लिफ्टशिवाय, पाण्याशिवाय अडकलेली म्हातारी जोडपी आणि खाली बैठ्या वस्तीत चूल पेटलेली, हे आपल्या शहरांच्या भविष्याचं जास्त खरं चित्र आहे.

तुमचं एक वाक्य घेऊन दाखवतो. तुम्ही लिहिलंय: ‘सर्वत्र भयाण शांतता पसरली होती. इमारतींच्या काचा फुटल्या होत्या आणि गंजलेल्या गाड्या रस्त्यात मरून पडल्या होत्या.’ याऐवजी असं काही बघा:

‘खजुरी बाजाराच्या तोंडाशी तिसऱ्या मजल्याचा छज्जा दोन सळयांवर लोंबत होता. सळया तपकिरी नव्हत्या, केशरी होत्या. याच पावसाळ्यात निखळलेला. खालच्या ओटल्यावर कुणीतरी चुन्याची फुली मारून ठेवली होती. तिने कॅन दुसऱ्या हातात घेतला आणि रस्त्याच्या मधोमध चालू लागली. वर कबुतरांचा एकच कल्लोळ.’

केशरी गंज ताजा, तपकिरी जुना. त्यावरून काळ कळला. फुलीवरून कळलं की अजून कुणीतरी दुसऱ्याची काळजी करतं. कॅनवरून कळलं की ती कुठून येते आहे. आणि शांतता गेली, कारण ओसाड इमारती कधी शांत नसतात: कबुतरं, पत्र्याची फडफड, पावसाळ्यात बेडूक. भावनेचा एकही शब्द वापरावा लागला नाही.

लिहिण्याआधी एक काम करा. राजवाडा, कृष्णपुरा, एखादी मिल, तुमची राहती कॉलनी आणि एक टॉवर, अशा पाच जागा निवडा. प्रत्येकीचं चित्र चार वेळचं लिहा: पाणी थांबल्याचा तिसरा दिवस, पहिला पावसाळा, पाचवं वर्ष, चाळिसावं वर्ष. प्रत्येक नोंदीत काय पडलं याच्या शेजारी कुणी काय दुरुस्त केलं, कशाने, हेही लिहा. ही वीस टिपणं कादंबरीत जशीच्या तशी येणार नाहीत, पण मग 2085 मध्ये कोणत्या खिडकीत काय आहे हे तुम्हाला शोधावं लागणार नाही. बोलीचीही तशीच तयारी हवी. इंदुरी मराठी आजच ‘मी येऊन राहिलोय’ म्हणते आणि दर वाक्याला ‘भिया’ लावते; साठ वर्षांनी पुण्याची प्रमाण मराठी बोलणारी पात्रं तिथे उपरी वाटतील.

शेवटाबद्दल तुम्ही विचारलंय की शहर पुन्हा उभं करावं का. करा, पण आकार कमी करून. एक दुवा देतो. 1917 च्या सुमारास प्लेगने गांजलेल्या इंदुरात होळकर दरबाराने स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांना बोलावलं. घरं सरसकट पाडण्याऐवजी त्यांनी निवडक दुरुस्ती सुचवली, आणि दिवाळीच्या सुमारास अशी मिरवणूक काढवली की ज्या गल्ल्या घरं सर्वांत जास्त साफ आणि दुरुस्त करतील तिथूनच ती जाणार. त्यांचा नगररचनेचा अहवाल 1918 मध्ये निघाला. ही कल्पना तुमच्या दुरुस्तीबंद शहरात सरळ चालेल: प्रणालीच्या यादीत नाव नसलेल्या गल्ल्या आपापली मिरवणूक-वाट कमवायला लागतात.

पण पाण्याचा हिशेब तेव्हाही सोडू नका. नर्मदेची लाइन तुमच्या पात्रांना पुन्हा चालू करता येणार नाही. एवढे पंप, एवढी वीज त्यांच्या आवाक्यात नाही. बिलावली, सिरपूर यांसारखे तलाव गाळ काढून, पाळ दुरुस्त करून वापरता येतील. 1901 मध्ये, नर्मदेच्या कितीतरी आधी, इंदूरची लोकसंख्या लाखाच्या आत होती आणि गाव विहिरी-तलावांवर जगत होतं. शेवटच्या प्रकरणात वस्ती त्याच मापात ठेवा, आणि तलावाच्या दरवाजाची किल्ली कुणाकडे राहणार यावर भांडण लावून द्या.